नेट नाही, डीव्हीडीचा गठ्ठा आहे: मंगळवेढ्याकडच्या वाचनालयात डेबियन बसवायचे आहे

वाचनवेल (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. राहायला जुळे सोलापुरात, मूळ गाव मंगळवेढा तालुक्यात. गावच्या सार्वजनिक वाचनालयाला एका कार्यालयाने वापरातून काढलेले दहा संगणक मिळाले आहेत. आठ कोअर टू ड्युओ, दोन जीबी रॅमचे. उरलेले दोन त्याहून जुने, पेंटियम फोर. हार्ड डिस्क पुसून कोऱ्या करून दिल्या आहेत. डीव्हीडी ड्राइव्ह सगळ्यांना आहे आणि तपासलेत तेवढे चालतात.

वाचनालयात नेट नाही. मोबाइलला रेंज येते ती गच्चीवर, तीही वाऱ्यावर. त्यामुळे जे काही उतरवायचं ते सोलापुरातून उतरवून न्यावं लागणार. लिनक्स बसवायचं हे समितीने ठरवलं आहे. मी स्वतः घरी लिनक्सचाच डेबियन हा प्रकार वापरतो, पण नेट जोडलेलं असताना. डिस्कवरून, तेही एकाहून जास्त डिस्क घालत बसवायचं काम कधी केलेलं नाही. संच वीसेक डीव्हीडींचा आहे असं वाचलं. सगळ्या लागतात का? इन्स्टॉलर मध्येच डिस्क मागतो का? आणि एकदा बसवल्यावर सहा महिन्यांनी कुणाला नवं काही हवं झालं तर काय करायचं? माझ्या दृष्टीने शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. दर वेळी कुणीतरी सोलापूर गाठावं अशी व्यवस्था मला करायची नाही.

माळढोक

वाचनवेल, सगळ्या लागत नाहीत. पहिल्या डीव्हीडीवर तुमचं बहुतेक काम होतं. पॅकेजेस, म्हणजे एकेका सॉफ्टवेअरची तयार पुडकी, डिस्कवर वर्णक्रमाने भरलेली नसतात. कोणतं पॅकेज किती लोक वापरतात याची मोजणी डेबियन ठेवतं, वापरणाऱ्याने खुशीने चालू केली तरच, आणि त्या लोकप्रियतेच्या क्रमाने डिस्क भरल्या जातात. म्हणून डेस्कटॉप, लिबरऑफिस, फायरफॉक्स असा रोजचा माल पहिल्या डिस्कवर येतो आणि क्वचित लागणारी पॅकेजेस पंधराव्या-अठराव्यावर जातात.

आता आवृत्ती. डेबियन १३, म्हणजे ट्रिक्सी, ९ ऑगस्ट २०२५ ला आली. तिच्यात ६९,८३० पॅकेजेस आहेत. कोअर टू ड्युओवर ती ६४ बिटमध्ये नीट बसते. पण ट्रिक्सीपासून ३२ बिटच्या पीसीसाठी इन्स्टॉलर देणं बंद झालं आहे. तुमचे पेंटियम फोर ३२ बिटचे असतील तर त्यांच्यासाठी डेबियन १२, बुकवर्म, १० जून २०२३ ला आलेली, तिची आय-३८६ (म्हणजे ३२ बिटची) डिस्क घ्या. काही पेंटियम फोर ६४ बिटचेही निघाले होते. शंका असेल तर ६४ बिटची डिस्क घालून सुरू करून बघा. प्रोसेसर चालणार नसेल तर सुरुवातीलाच तसा स्पष्ट संदेश येऊन मशिन थांबतं, काही बिघडत नाही. दोन प्रकारचे संच एकमेकांत मिसळत नाहीत, म्हणून डिस्कवर मार्करने ठळक लिहा: ट्रिक्सी ६४, बुकवर्म ३२.

उतरवताना एक लक्षात असू द्या. नेटइन्स्ट नावाचं छोटं आयएसओ (अख्ख्या डिस्कची हुबेहूब प्रत असलेली फाइल) घेऊ नका. त्यात फक्त पायाभूत प्रणाली असते, डेस्कटॉप नेटवरून येतो. डीव्हीडी-१ चं आयएसओ थेट मिळतं. दोन नंबरपासून पुढच्या डिस्क तयार आयएसओ म्हणून ठेवलेल्या नसतात, त्या जिगडोने बनवाव्या लागतात. घाबरू नका, पद्धत सोपी आहे. डिस्कचा एक साचा आणि पॅकेजेसची एक यादी अशा दोन छोट्या फाइल्स मिळतात. जिगडो-लाइट ही आज्ञा त्या यादीबरहुकूम मिररवरून, म्हणजे डेबियनच्या फाइल्स ठेवणाऱ्या सर्व्हरवरून, एकेक पॅकेज आणते आणि साच्यात बसवून मूळ आयएसओ बिनचूक उभं करते. मध्ये लाइट गेली तर पुन्हा तिथूनच पुढे सुरू होतं, आणि आपल्याकडे हे महत्त्वाचं आहे. पुढच्या वर्षी दुरुस्त आवृत्ती निघाली की जुनं आयएसओ माउंट करून (फोल्डरसारखं उघडून) जिगडोला दाखवायचं. जे पॅकेज बदललेलं नाही ते तो जुन्यातून उचलतो, फक्त नवं तेवढंच उतरवतो.

कुठल्या डिस्कवर काय आहे हे आधीच कळतं. डीव्हीडींच्या शेजारीच याद्यांचं फोल्डर असतं, प्रत्येक डिस्कची एक यादी. त्या सगळ्या याद्या उतरवा, हव्या त्या पॅकेजचं नाव शोधा आणि मगच कोणत्या डिस्क करायच्या ते ठरवा.

नवीपेठ_दुरुस्ती

मालक, दुकानदार म्हणून सांगतो. डिस्क करताना दोन गोष्टी पाळा. आयएसओ फाइल म्हणून कॉपी करू नका, इमेज म्हणून राइट करा. आणि वेग कमी ठेवा. जुन्या ड्राइव्हची लेन्स थकलेली असते, जोरात राइट केलेली डिस्क नव्या ड्राइव्हवर वाचते आणि जुन्यावर अडते. परत-परत राइट होणारी डिस्क घेऊ नका, साधी एकदाच राइट होणारी घ्या.

राइट करण्याआधी आयएसओचा एसएचए-२५६ नाहीतर ५१२ चा आकडा (फाइल बिनचूक उतरली का हे ओळखायची खूण) डेबियनने दिलेल्या यादीशी ताडून घ्या. राइट झाल्यावर डिस्कसुद्धा तपासा. इन्स्टॉलरच्या मुख्य मेनूत माध्यमाची, म्हणजे डिस्कची, शाबूती तपासायचा पर्याय आहे, तो लावून चहाला जा. ज्या मशिनवर बसवायचं त्याच मशिनच्या ड्राइव्हवर तपासलेलं उत्तम.

आणखी एक. इतक्या जुन्या मशिनचा बायोस सेल मेलेला असतो. सीआर २०३२, स्वस्तात मिळतो, दहाही बदलून टाका. तारीख मागे पडलेली असली की पुढे अपडेट भरताना डिजिटल सह्यांच्या तपासणीत अडकाल आणि कारण लवकर सापडणार नाही. बॉक्स उघडलाच आहे तर रॅम काढून रबराने पुसा, पंख्यातली धूळ ब्लोअरने उडवा. एप्रिल-मेमधला आपला उन्हाळा त्या पंख्यांना सोसायचा आहे.

हॉस्टेल_बी१२

सर, २०२५ नंतर डीव्हीडी कशाला? डेबियनची आयएसओ पेनड्राइव्हवर इमेज म्हणून जशीच्या तशी राइट केली की बूट होते. डीव्हीडी-१ सुद्धा. मी कॉलेजच्या लॅबमध्ये तसंच केलं. नाहीतर लाइव्ह इमेज घ्या, एकाच फाइलमध्ये डेस्कटॉप असतो, नेट लागत नाही, लवकर बसतं.

वाचनवेल

हॉस्टेल, तुझं बरोबर आहे आणि आठ मशिनसाठी मी पेनड्राइव्हही नेणार आहे. पण पेंटियम फोरच्या बायोसमध्ये यूएसबीवरून बूट करायची सोयच दिसत नाही, त्यांना डिस्कच लागेल. लाइव्हबद्दल माझी अडचण वेगळी आहे. लाइव्ह बसवून देते आणि तिथे तिचं काम संपतं. नंतर एखाद्या मुलाला प्रोग्रॅमिंगचं काही हवं झालं, कुणाला नकाशे काढायचं सॉफ्टवेअर हवं झालं, तर ते त्या इमेजमध्ये नसतं. डिस्कच्या संचात ते असतं. बसवायचं काम एकदाच व्हायचं आहे, मागणी मात्र नंतर वर्षभर येत राहणार. वाचनालयाच्या कपाटात पुस्तकं जशी मागितली की निघतात तसा हा संच निघाला पाहिजे. म्हणून मी या मागे लागलोय.

माळढोक

वाचनवेलशी पूर्ण सहमत. आता इन्स्टॉलरमध्ये नेमकं काय होतं ते सांगतो.

पहिल्या डिस्कवरून बूट करा आणि ग्राफिकल इन्स्टॉलच निवडा. मराठीतून बसवायचं असेल तर हे लागतंच, कारण मजकुरी इन्स्टॉलरच्या भाषांच्या यादीत मराठी येत नाही. नेटवर्कच्या पायरीवर तो पत्ता शोधत बसेल, मिळाला नाही म्हणेल, तेव्हा "आत्ता नेटवर्क जोडायचं नाही" निवडा. डिस्कचे भाग पाडणं वगैरे नेहमीसारखं.

पायाभूत प्रणाली बसली की पॅकेज व्यवस्थापकाच्या पायरीवर तो विचारतो, आणखी माध्यम तपासायचं का. इथे घाई करून नाही म्हणू नका. डिस्क-२ घाला, हो म्हणा. ती वाचून झाली की पुन्हा तोच प्रश्न, मग डिस्क-३. या वेळी तो पॅकेजेस बसवत नाही, फक्त कुठल्या डिस्कवर काय आहे याची नोंद करतो. पुरे झाल्या की नाही म्हणा आणि पहिली डिस्क परत घाला. पुढचा प्रश्न मिररचा, त्यालाही नाही. नेट नसताना इथे हो म्हटलं की बराच वेळ वाट बघत बसावं लागतं.

त्यानंतर डेस्कटॉपची निवड. दोन जीबी रॅमला एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी हे हलके डेस्कटॉप घ्या, बाकीच्या खुणा काढा. एखादं पॅकेज दुसऱ्या डिस्कवर असेल तर तो लेबल सांगून ती डिस्क मागतो. घालायची, एंटर मारायचं.

नंतर कधीही नवी डिस्क जोडायची तर टर्मिनलमध्ये रूट (प्रशासक) होऊन ही आज्ञा: एप्ट-सीडीरॉम अ‍ॅड. डिस्क वाचली जाते आणि तिची ओळ सोर्सेस डॉट लिस्टमध्ये (पॅकेजेस कुठून घ्यायची ते लिहिलेली फाइल) चढते. मग नेहमीसारखं एप्ट इन्स्टॉल.

पण दहा मशिनवर तीन-तीन डिस्क फिरवायची गरज नाही, आणि मला सगळ्यात सांगायचं आहे ते हेच. तुमच्याकडे एखादी मोठी हार्ड डिस्क असेल तर संपूर्ण संचाची आयएसओ तिच्यावर ठेवा, साधारण शंभर जीबीच्या घरात जातं. ती डिस्क आठपैकी एका मशिनमध्ये बसवा. प्रत्येक आयएसओ लूप पद्धतीने आपापल्या फोल्डरला माउंट करा, एफएसटॅबमध्ये (काय कुठे माउंट करायचं ते लिहिलेली फाइल) ओळी लिहून ठेवल्या की मशिन चालू होताना आपोआप होतं. त्या मशिनवर अपाची हा वेब सर्व्हर बसवा आणि ती फोल्डरं त्यातून दिसतील अशी ठेवा. साधा स्विच आणि केबलने बाकीची मशिनं जोडा. इंटरनेट नसलं तरी घरचं नेटवर्क असतंच. मग बाकी मशिनांच्या सोर्सेस डॉट लिस्टमध्ये सीडीरॉमच्या ओळी बंद करून त्या मशिनच्या पत्त्याच्या ओळी घाला, प्रत्येक आयएसओची एक. चौकटी कंसात ट्रस्टेड बरोबर येस लिहायला विसरू नका. डिस्कवरच्या रिलीज फाइलवर (तिथल्या पॅकेज-याद्यांची नोंद असलेली फाइल) डिजिटल सही नसते. एप्ट-सीडीरॉमने जोडली तर एप्ट ते चालवून घेतं, पण साध्या फोल्डरवरून किंवा नेटवर्कवरून दिली तर नकार देतं. म्हणूनच आधी आयएसओचे आकडे ताडून घ्यायचे. विश्वास तिथे मिळवायचा आणि मग इथे द्यायचा.

पेंटियम फोरच्या दोघांना या भांडाराचा उपयोग नाही, त्यांची आवृत्तीही वेगळी आणि प्रकारही. त्यांना बुकवर्मच्या ३२ बिट डीव्हीडीच.

पूर्वभाग

ओ अण्णा, छान चाललंय. आमच्याकडे अशोक चौकात एका मंडळाने असाच संगणक कक्ष काढलाय, म्हणून विचारतो. आमच्यात अर्ध्या घरात तेलुगू बोलतात, मंगळवेढा-अक्कलकोटकडे कन्नड आहेच. मराठीसोबत हे दोन्ही टाइप होतील असं नेटशिवाय बसवता येतं का?

माळढोक

पूर्वभाग, येतं. फाँट्ससाठी फाँट्स-इंडिक हे एकच पॅकेज मागवा, देवनागरी, तेलुगू, कन्नड सगळ्यांचे फाँट्स त्याच्यामागून येतात. टायपिंगला आयबस आणि आयबस-एम१७एन. त्यात तिन्ही भाषांचे इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांचे प्रमाण कळफलक) आहेत आणि रोमन अक्षरांवरून टाइप करायचे आराखडेही आहेत. नव्याने शिकणाऱ्या मुलांना इनस्क्रिप्ट शिकवा असं माझं आग्रहाचं मत आहे. कळांची जागा भारतीय लिप्यांत सारखीच असते. मराठीचा "क" जिथे, तिथेच तेलुगूचा आणि कन्नडचा. आपल्या सोलापूरच्या मुलाला एका शिकण्यात तीन भाषा येतात, यापेक्षा चांगलं काय हवं?

याद्यांमध्ये ही पॅकेजेस कोणत्या डिस्कवर आहेत ते आधी बघून घ्या. लिबरऑफिसचा मराठी इंटरफेस वेगळ्या पॅकेजात असतो, तोही त्याच वेळी शोधा.

शाळेतली_ताई

मी बार्शी तालुक्यात प्राथमिक शिकवते. तांत्रिक भागात मला गती नाही, पण मशिन बसल्यावर मुलांपुढे काय ठेवायचं ते सांगते, कारण नुसता डेस्कटॉप दाखवला तर आठ दिवसांत खोलीला कुलूप लागतं.

जीकॉम्प्री घ्या, लहान मुलांसाठी अंक, अक्षरं, माउस धरायला शिकणं सगळं त्यात आहे. के-टर्टल घ्या, कासवाला आज्ञा देऊन चित्र काढायचं. ही दोन्ही डेबियनमध्येच आहेत. आणि किविक्स. मराठी विकिपीडिया एका झिम फाइलमध्ये मिळतो, ती सोलापुरात उतरवून पेनड्राइव्हवर न्या. किविक्समध्ये उघडला की नेट नसलेल्या खोलीत विकिपीडिया चालतो, शोधसुद्धा. माझ्या वर्गातली मुलं आपल्या गावाचं नाव आधी शोधतात. माळढोक म्हणतात ते मधलं मशिन असेल तर किविक्स-सर्व्ह लावून एकाच फाइलवर सगळ्या मशिनांतून वाचता येईल.

एमआयडीसी_ऑफिस

चांगला धागा. एक गंभीर मुद्दा राहतोय. डिस्कवरची पॅकेजेस डिस्क निघाली त्या दिवसाची असतात. सुरक्षा दुरुस्त्या त्यानंतर रोज निघतात. नेट नाही म्हणून धोका नाही असं समजू नका. त्या वाचनालयात लोक पेनड्राइव्ह घेऊन येणार, त्यातल्या पीडीएफ आणि वर्डच्या फाइल्स उघडणार. धोका तिथूनही येतो.

आमच्या युनिटमध्ये एक मशिन मुद्दाम नेटपासून तोडलेलं आहे, त्यावर मी एप्ट-ऑफलाइन वापरतो. अडकलेल्या मशिनवर एप्ट-ऑफलाइन सेट चालवलं की काय काय लागतंय याची एक छोटी फाइल तयार होते. ती पेनड्राइव्हवर घेऊन नेट असलेल्या मशिनवर एप्ट-ऑफलाइन गेट, सगळं उतरून एका झिपमध्ये भरलं जातं. ते मशिन विंडोजचं असलं तरी चालतं. झिप परत आणून एप्ट-ऑफलाइन इन्स्टॉल. मात्र त्यासाठी अडकलेल्या मशिनच्या सोर्सेस डॉट लिस्टमध्ये नेटवरच्या मिररच्या आणि सुरक्षा भांडाराच्या ओळी असायला हव्यात, नाहीतर कुठून आणायचं ते त्याला कळणारच नाही.

हॉस्टेल_बी१२

पण सर, नेटच नाही तर दर महिन्याला एवढा उपद्व्याप? नवी दुरुस्त आवृत्ती निघाली की जिगडोने डिस्क ताज्या करून भांडार बदललं तर पुरे नाही का? तिच्यात तोवरच्या दुरुस्त्या आलेल्या असतातच.

एमआयडीसी_ऑफिस

कारखान्याच्या मशिनला मी पुरे म्हणणार नाही. वाचनालयाला चालेल, ब्राउझर आणि लिबरऑफिस सोडून. लोकांच्या फाइल्स त्या दोघांतच उघडतात. ते दोन तरी महिन्याला ताजे ठेवा, बाकीचं दुरुस्त आवृत्तीबरोबर.

सांगोला_रोड

मध्येच विचारतोय, माफ करा. माझ्या जुन्या लॅपटॉपचं वायफाय ब्रॉडकॉमचं आहे. डेबियन १२ पासून फर्मवेअर (उपकरण चालायला त्यात भरावं लागणारं छोटं सॉफ्टवेअर) डिस्कमध्येच असतं असं ऐकलं, तरी वायफाय उठत नाही.

माळढोक

सांगोला_रोड, बहुतेक फर्मवेअर आता अधिकृत डिस्कवर असतं हे खरं. पण ब्रॉडकॉमच्या जुन्या बी-४३ वाल्या चिपांचं फर्मवेअर वाटायची परवानगीच नाही. त्याचं जे पॅकेज आहे ते बसताना नेटवरून फाइल आणायला जातं, म्हणून नेटशिवाय निष्फळ ठरतं. दुसऱ्या नेट असलेल्या डेबियनवर ते पॅकेज बसवा, तिथल्या लिब-फर्मवेअरमधलं बी-४३ नावाचं फोल्डर उचलून आपल्या मशिनवर त्याच जागी ठेवा आणि रीबूट करा.

वाचनवेल

मंडळी, काम झालं, कळवतो. आठ मशिनांवर ट्रिक्सी आणि एक्सएफसीई. एक पेंटियम फोर खरंच ६४ बिटचा निघाला, पण रॅम कमी म्हणून त्यालाही बुकवर्मची ३२ बिटच ठेवली, दोन्ही सारखे असलेले बरे. भांडाराचं मशिन ग्रंथपालांच्या टेबलाखाली आहे. त्यावर सगळी आयएसओ माउंट होतात आणि बाकीची सात मशिनं तिथून पॅकेजेस घेतात. पहिल्याच दिवशी एका मुलाने जीआयएमपी हे चित्रांचं सॉफ्टवेअर मागितलं आणि कुणी काही न उतरवता ते त्याला मिळालं.

आता अडचण प्रिंटरची. एचपी लेझरजेट १०२० आहे, कुणीतरी दिलेला. डिस्कवरून एचपीलिप (एचपी प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) बसवलं, प्रिंटर ओळखला जातो, पण ते प्लगइन (वेगळी जोड-फाइल) मागतं आणि ती नेटवरून आणायला जातं.

नवीपेठ_दुरुस्ती

हा आमच्या दुकानातला रोजचा विषय. या प्रिंटरला चालू झाल्यावर संगणकाकडून फर्मवेअर मिळावं लागतं, तेच त्या प्लगइनमध्ये आहे आणि ते डेबियनच्या कुठल्याच डिस्कवर नाही. आधी तुमच्या एचपीलिपची आवृत्ती लिहून घ्या. नेमक्या त्याच आवृत्तीचं प्लगइन नेट असलेल्या मशिनवर उतरवा, मागचं-पुढचं चालत नाही. त्यासोबत सहीची छोटी फाइल असते, तीही घ्या. दोन्ही पेनड्राइव्हवर नेऊन एका फोल्डरमध्ये ठेवा, एचपी-प्लगइन चालवा आणि नेटवरून आणण्याऐवजी स्थानिक फाइल दाखवण्याचा पर्याय निवडा. आवृत्ती इथे टाका, मी दुकानातून दोन्ही काढून ठेवतो. मंगळवेढ्याच्या एसटीला कुणी ओळखीचं जात असेल तर पाठवून देऊ.

वाचनवेल

आवृत्ती उद्या वाचनालय उघडल्यावर ग्रंथपालांकडून फोनवर विचारून टाकतो. आणि पूर्वभाग, अशोक चौकातल्या कक्षासाठी ट्रिक्सीचा पूर्ण संच माझ्या हार्ड डिस्कवर तयार आहे. तुम्ही रिकामी डिस्क आणा, जिगडोने पुन्हा उतरवत बसू नका. आकडे ताडायची फाइल सोबत देतो, कॉपी झाल्यावर तुमच्याकडेही एकदा ताडून बघा.